‘बसूनच तर काम असते, मग दमता कशाने?’

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. एरवी हा प्रश्न मी हसण्यावारी नेते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी हिशेब पाहते, दुचाकी घसरून माझे डोके दुभाजकावर आपटले, काही मिनिटे शुद्ध हरपली, सीटी स्कॅन निर्दोष आला आणि टाके निघाल्यावर मी कामावर रुजू झाले, एवढे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यापुढचे तुम्हाला इतकेच दिसते, की दुपारनंतर मी फोन उचलत नाही, लग्नात अक्षता पडल्या की पंगतीला न थांबता निघते आणि चार माणसे एकदम बोलू लागली की उठून आत जाते. मग कोणीतरी म्हणतेच, ‘वहिनी, तुम्हाला काय पोती उचलायची असतात?’

पोती उचलायची नसतात, हे खरे. हमालाने पोते थप्पीला लावले की त्याच्या कपाळावरचा घाम सर्वांना दिसतो आणि कोणी न सांगता त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या येतो; हिशेबाच्या घामाला तशी सोय नाही.

‘आमच्या मेव्हण्यालाही असेच लागले होते, तो पंधरा दिवसांत कामावर गेला,’ हेही ऐकून झाले. मेव्हण्याचे खोटे नाही. अशा दुखापतीतून बहुतेक माणसे काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत सावरतात. थोडी माणसे मागे राहतात, त्यांतली मी एक. डॉक्टर दुखापत सौम्य ठरवतात ती सुरुवातीच्या अवस्थेवरून: शुद्ध किती आहे हे पाहणाऱ्या ग्लासगो मापनात 15 पैकी 13 ते 15 गुण, बेशुद्धी अर्ध्या तासाच्या आत, आठवणीतला खंड 24 तासांच्या आत. पुढे दुपारी तीन वाजता माझे काय होणार, हे त्या आकड्यांना विचारून उपयोग नसतो.

मिरजेला जी तपासणी झाली, तिच्याविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून तुम्ही तीच पुढे करता. मानसतज्ज्ञ बाईंनी आकडे म्हणून दाखवले आणि मी ते उलट्या क्रमाने सांगितले. शंभरातून सात-सात वजा करत गेले. विखुरलेली वर्तुळे क्रमाने जोडली, आणि समोर स्टॉपवॉच चालू असताना माझा हात कुठे अडखळला नाही. जन्म हिशेबात गेलेला, तेव्हा थोडी ईर्ष्याही होतीच. अहवालात सर्व गुण सामान्य मर्यादेत आले. त्या इमारतीतून बाहेर पडले तेव्हा मला अभिमान वाटत होता. बसमध्ये बसल्यावर मात्र कंडक्टरचा आवाज नुसताच कानावर आपटू लागला; त्यातले शब्द वेगळे होईनात. विश्रामबागला उतरून दुधाची पिशवी घेतली आणि शंभराची नोट दिली. दुकानदाराने सुटे पैसे तळहातावर ठेवले. नोटा दिसत होत्या, नाणी दिसत होती, नाण्यांवरचे आकडेही वाचता येत होते. पण त्यांची बेरीज म्हणजे काय करायचे असते, तेच सुचेना. मी हात उघडा धरून तशीच उभी राहिले. मी संशय घेते आहे असे त्याला वाटले असावे. त्याने एकेक नाणे उचलून, मोठ्याने मोजत, पुन्हा माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाला, ‘बघून घ्या ताई, बरोबर हाय.’ मागे माणसे थांबली होती. अडत दुकानात शेतकऱ्याची पट्टी करताना हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा करून रक्कम तोंडी सांगणारी मी ती! घरी गेल्यावर अहवाल वाचून नणंद म्हणाली, ‘नॉर्मल आलंय की सगळं!’ मी अंथरुणावर पडले ती रात्री जेवायलाही उठले नाही.

तो अहवाल चुकीचा आहे, असे मी म्हणत नाही. उत्तर बरोबर आले एवढे त्याने पाहिले. ते आणायला काय मोजावे लागले, हे पाहण्याची त्यात तरतूद नव्हती. 1999 साली अमेरिकेत डार्टमथच्या संशोधकांनी अशा दुखापतीला महिना होण्याच्या आतल्या रुग्णांना स्मरणशक्तीचे काम देऊन एफएमआरआय केला, म्हणजे काम चालू असताना मेंदूचे कोणते भाग कामाला लागतात याचे चित्र काढले. रुग्णांचे गुण निरोगी माणसांच्या बरोबरीचे होते, परंतु काम मध्यम अवघड होताच त्यांच्या मेंदूच्या उजव्या बाजूचे काही भाग अधिक प्रमाणात कामाला लागलेले दिसले. पुढच्या काही अभ्यासांत काही भागांची क्रिया उलट कमीही आढळली आहे. हे सगळे समूहाचे सरासरी निष्कर्ष आहेत आणि ते यंत्र रक्तातील प्राणवायूचा फरक टिपते, थकवा नव्हे. माझ्या डोक्याचे तसे चित्र कोणी काढलेले नाही. तरीही स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांची मानसिक थकव्याविषयीची 15 प्रश्नांची प्रश्नावली हाती आली, तेव्हा आवाज आणि उजेड किती सोसतो, दमल्यावर सावरायला किती वेळ लागतो, हे कोणीतरी विचारते आहे, याचेच मला रडू आले.

सुरुवातीला मी सर्वांना ठासून सांगत असे, की धक्क्याने मेंदूतले तंतू ताणले गेले आहेत, ते साध्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत, विषय संपला. तसे होऊ शकते हे खरेच आहे. पण माझ्या आजच्या थकव्याचे सारे कारण तेवढेच, असे आज मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. अपघातापासून झोप तुटक आहे, रस्ता ओलांडताना धडधडते, आणि तुटकी झोप व भीती या दोन्ही गोष्टी धडधाकट माणसालाही थकवतात. दिवसेंदिवस अंधारात पडून राहू नका, पहिले एक-दोन दिवस विश्रांती पुरे, मग हळूहळू काम वाढवा, असे डॉक्टर सांगत होते. तेव्हा मला तो निर्दयपणा वाटला. आज मी त्यांचे थोडे ऐकते, पण अंदाज चुकवून काम वाढवले की दुसरा दिवस वाया जातो, आणि मग पूर्वीची मी म्हणते, ‘सांगितले नव्हते?’ तिला गप्प करण्याइतके माझ्याजवळ काही नाही.

सौदे सुरू झाले, की यार्डात माइकचा आवाज, गाड्यांचे हॉर्न आणि भावाची घासाघीस एकाच वेळी चालते. त्या वेळच्या पट्ट्या आता दुकानातला नवा मुलगा करतो. मी त्या दुसऱ्या दिवशी सकाळी, यार्ड जागे होण्याआधी तपासते आणि रोजकीर्द पुरी करते. सेठजींना ही व्यवस्था मान्य आहे. हळदीची आवक वाढली की किती दिवस मान्य राहील, हे त्यांनी सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही. तुम्हाला काही बोलायचे असेल तर सकाळी दहाच्या आत फोन करा.