पहिल्या सत्रातली सी भाषा आणि जर्नलवरची सही: माझा अनुभव

जर्नलवर, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीवर, सरांची सही झाल्याखेरीज प्रॅक्टिकल झाले असे आमच्या महाविद्यालयात धरत नाहीत, आणि बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या सत्रात सी भाषेच्या विषयावर माझा जेवढा वेळ गेला, त्यातला मोठा भाग या सहीमागे गेला. प्रवेश, शुल्क, डिजिलॉकरवरून काढायचा एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी, वर्गात शिकवलेले फ्लोचार्ट यांबद्दल तक्रार करावी असे काही घडले नाही, म्हणून ते सोडून देतो. पुढे लिहिलेले मात्र नव्याने प्रवेश घेणाऱ्यांनी सबमिशनच्या आठवड्याची वाट न पाहता पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी वाचावे.

आमच्या लॅबमध्ये टर्बो सी++ हा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणारे सॉफ्टवेअर, वापरतात. बोरलँड कंपनीच्या या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली, म्हणजे आमच्या बॅचमधल्या कोणाचाही जन्म होण्याच्या कितीतरी आधी. ते विंडोजच्या आधीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातले, १६-बिट असल्यामुळे आजच्या ६४-बिट विंडोजवर सरळ चालत नाही; त्यासाठी डॉसबॉक्स नावाचा प्रोग्राम घेऊन त्याच्या आत जुन्या डॉसचे सोंग उभे करावे लागते, आणि त्या निळ्या पडद्यावर माउसही बेताचाच चालतो. घरी मी लॅपटॉपवर जीसीसी हा दुसरा कंपायलर टाकला होता, कारण तो फुकट आहे, नवा आहे आणि त्याचे एरर वाचून काहीतरी बोध होतो. दोन्ही ठिकाणी भाषा सीच असल्यामुळे घरी लिहिलेला प्रोग्राम लॅबमध्ये चालेल, असे कोणीही गृहीत धरेल. तो दर वेळी चालतोच असे नाही, आणि हे पहिल्या तासाला सांगायला हवे होते, ते कोणीही सांगितले नाही.

फरक छोटे आहेत, पण प्रत्येक ठिकाणी अडवतात. वर्गात फळ्यावर ‘व्हॉइड मेन’ लिहीत, वर ‘कोनिओ’ नावाची हेडर फाईल जोडत आणि शेवटी ‘गेटच’ लिहीत, कारण टर्बोमध्ये ते नसेल तर आउटपुट दिसायच्या आत पडदा परत संपादकावर जातो. जीसीसी असलेल्या लिनक्सवर कोनिओ ही फाईलच सापडत नाही. उलट जीसीसीमध्ये मी फॉर लूपच्या कंसातच व्हेरिएबल जाहीर करत असे. टर्बोमध्ये फाईल सीची असेल तर ‘येथे डिक्लरेशन चालत नाही’ अशा अर्थाचा एरर येतो, कारण ही सोय सीच्या प्रमाण व्याख्येत १९९९ साली आली आणि टर्बो त्याहून जुना आहे. सगळी व्हेरिएबले फंक्शनच्या सुरुवातीलाच जाहीर करण्याची सवय लावून घेतली की हा त्रास दोन्हीकडे संपतो.

एक गोष्ट इथेच सांगतो, नाही तर राहून जाईल. टर्बोमध्ये प्रोग्राम चालवायची कळ कंट्रोल-एफ ९ आहे, आणि डॉसबॉक्समध्ये हीच कळ डॉसबॉक्स बंद करते. पहिल्या प्रॅक्टिकलला आमच्या बॅचमधल्या निम्म्या मुलांचे पडदे टायपिंग संपता संपता नाहीसे झाले, आणि त्यांबरोबर जतन न केलेले प्रोग्रामही गेले. मॅन्युअलमध्ये छापलेली हीच कळ दाबली होती, तरी लॅबमधल्या मामांनी ‘काय काय दाबता रे’ म्हणून आम्हालाच सुनावले. आधी एफ २ दाबून फाईल जतन करावी आणि मग ऑल्ट-आर दाबून मेन्यूतून रन निवडावे, हे त्यावरचे सोपे उत्तर आहे.

आता मूळ अडचणीकडे येतो. असाइनमेंटमध्ये फॅक्टोरियल, म्हणजे १ पासून दिलेल्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार, काढण्याचा प्रोग्राम होता. मी तो घरी लिहिला, ८ हा आकडा देऊन तपासला आणि ४०,३२० हे बरोबर उत्तर मिळाले. प्रिंट मात्र लॅबमधलीच लावायची असते, म्हणून तोच प्रोग्राम लॅबमध्ये चालवला, तर उत्तर आले उणे २५,२१६. सरांनी प्रिंट पाहिली आणि म्हणाले, ‘अरे, फॅक्टोरियल उणे कसे येईल? पुन्हा लिहून आण.’ त्यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही, कारण उत्तर खरोखरच चुकीचे छापलेले होते. राग येत होता तो यामुळे, की शेजारच्या मुलांचा प्रोग्राम शब्दशः माझ्यासारखाच होता, पण त्यांनी ५ हा आकडा देऊन १२० हे उत्तर छापले होते आणि त्यांच्या सह्या तिथल्या तिथे झाल्या. त्यांनी ८ दिला असता तर तेही माझ्याच रांगेत उभे राहिले असते.

आमच्याकडे सही फक्त आपल्या बॅचच्या प्रॅक्टिकलच्या वेळेतच होते. बॅचचा वार आठवड्यातून एकदा येतो. त्या दिवशी सुटी आली, सरांना परीक्षेची ड्यूटी लागली किंवा वीज गेली की सही पुढच्या आठवड्यावर जाते, आणि मागची सही नसेल तर पुढचे प्रॅक्टिकल तपासत नाहीत. त्यामुळे एका फॅक्टोरियलमागे माझी पुढची प्रॅक्टिकल्स तयार असूनही पडून राहिली. मधल्या वेळी स्टाफरूमबाहेर जर्नल घेऊन उभे राहावे, तर ‘लॅबमध्ये या’ असे उत्तर मिळे आणि लॅबमध्ये जावे, तर तिथे दुसरी बॅच बसलेली असे. ‘सर, लॉजिक बरोबर आहे’ असे म्हणून काही होत नाही. ते वाक्य सर दिवसभर ऐकत असतात.

कारण मी शोधून काढले ते मॅन्युअलमध्ये नव्हते. टर्बोमध्ये पूर्णांक ठेवायचा इंट हा प्रकार १६ बिटांचा असतो, म्हणून त्यात उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतच्याच संख्या मावतात. ७ चे फॅक्टोरियल ५,०४० असल्यामुळे निभते. ८ चे ४०,३२० ही संख्या मर्यादेबाहेर जाते आणि तिच्यातून ६५,५३६ वजा होऊन उणे २५,२१६ उरते. घरच्या जीसीसीत इंट ३२ बिटांचा असल्यामुळे तिथे काही बिघडले नव्हते. टर्बोला यात दोष देता येत नाही, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागले. सीच्या प्रमाण व्याख्येत इंटमध्ये किमान ३२,७६७ पर्यंतची संख्या मावावी एवढीच अट आहे आणि टर्बो ती पाळतो. इंटच्या जागी लाँग हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार घेतला आणि छापताना ‘परसेंट डी’ ऐवजी ‘परसेंट एलडी’ लिहिले की टर्बोमध्येही ४०,३२० येते. बदल एवढाच होता.

पुढच्या प्रॅक्टिकलला मी दोन प्रिंट घेऊन गेलो. एकीवर सुधारलेला प्रोग्राम होता, आणि दुसरीवर जुन्याच प्रोग्राममध्ये १० देऊन मिळवलेले उत्तर होते: २४,३२०. १० चे फॅक्टोरियल ३६,२८,८०० आहे, पण २४,३२० ही धन संख्या असल्यामुळे ती पाहून कोणालाही शंका आली नसती आणि बहुधा सहीही झाली असती. सरांनी कॅल्क्युलेटर काढून आकडा तपासला, थोडे हसले आणि सही केली. त्यानंतर त्यांनी फळ्यावर दोन्ही मर्यादा लिहिल्या आणि संपूर्ण बॅचला आउटपुटखाली कंपायलरचे नाव लिहायला लावले. याचा मला अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

जीसीसीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. ३२ बिटांचा इंट १२ च्या फॅक्टोरियलपर्यंत, म्हणजे ४७,९०,०१,६०० पर्यंत पुरतो. १३ दिल्यावर ६,२२,७०,२०,८०० ऐवजी १,९३,२०,५३,५०४ असा आकडा येतो आणि तो धन असल्यामुळे अगदी खरा वाटतो. प्रोग्राम तपासताना ५ वर थांबू नये. ०, ८ आणि १३ देऊन पाहावे.

नव्या मुलांनी घरी जीसीसी ठेवावाच, पण लॅबमध्ये जो कंपायलर आहे तोही डॉसबॉक्ससकट लॅपटॉपवर टाकून घ्यावा, कारण सत्राअखेरच्या प्रॅक्टिकल परीक्षेत स्लिप उचलल्यावर जो प्रोग्राम येईल तो लॅबमधल्याच मशीनवर चालवून दाखवायचा असतो. टाकताना फोल्डरचे नाव बदलले, तर ऑप्शन्समधल्या डिरेक्टरीजमध्ये इन्क्लूड आणि लिब यांचे मार्गही बदलावे लागतात, नाही तर साधी स्टँडर्ड इनपुट-आउटपुटची हेडर फाईलही सापडत नाही. प्रोग्राम पाठ करून उपयोग नाही, व्हायव्हामध्ये प्रकारांच्या मर्यादा हमखास विचारतात.

फाईलच्या नावाचे राहिलेच. डॉसमध्ये नाव आठ अक्षरांच्या आत लागते, म्हणून ‘फॅक्टोरियल’ असे पूर्ण इंग्रजी स्पेलिंग बसत नाही, आणि घरून आणलेली लांब नावाची फाईल तिथे अर्धवट कापलेल्या नावाने दिसते. डॉसबॉक्स सुरू असताना त्याच्या फोल्डरमध्ये पेन ड्राइव्हवरून फाईल टाकली आणि ती टर्बोत दिसत नसेल, तर कंट्रोल-एफ ४ दाबावे, यादी ताजी होते. लॅबचे मशीन बंद करण्यापूर्वी फाईल पेन ड्राइव्हवर परत घ्यावी, कारण आमच्याकडची मशीन पुन्हा सुरू केली की त्यांवरचे सगळे पुसले जाते, आणि मामा ठरल्या वेळी मेन स्विच बंद करतात.