आडनावाची शेपटी

रविवार, रात्र

जेवणं झाल्यावर मॉमनी पुन्हा ती निळी फाइल काढली. (इथे पेनसिल्वेनियात, लँकेस्टरकडे सुना सासूला सर्रास नावाने हाक मारतात. दहा वर्षं झाली, माझ्या तोंडून अजून निघत नाही. म्हणून मॉम.) फाइलवर एकच नाव: वेबरिन.

घराण्याचं आडनाव यंग, मूळचं युंग. मूळपुरुष जर्मनीतल्या पॅलॅटिनेटमधून ऱ्हाईन नदीने रॉटरडॅमला, तिथून इंग्लंडमधल्या काउज बंदरावरून 1749 साली फिलाडेल्फियाला उतरला. 'बंदरावरच्या कारकुनाने आमचं नाव बदललं' ही घरातली लाडकी कथा. ती मागच्या महिन्यातच निकालात निघाली. 1727 पासून पेनसिल्वेनियात उतरणाऱ्या या जर्मन पुरुषांना इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. त्यातून याद्या झाल्या, एक कप्तानाची आणि दोन शपथेच्या. कप्तानाच्या यादीत कानावर पडेल तसं लिहिलेलं, पण शपथेच्या याद्यांवर ज्याला लिहिता येई त्याची स्वतःची सही. आमच्या बुवांनी जर्मन वळणात ठसठशीत 'युंग' ठोकलंय. यंग झालं ते पुढे, इंग्रज शेजाऱ्यांत राहता राहता.

बायको मात्र कुठल्याच यादीत नाही. सोळा वर्षांवरच्या पुरुषांचीच शपथ, त्यामुळे बायका-मुलं कागदावर उतरलीच नाहीत. घरच्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर तेवढं तिचं नाव आणि पुढे 'वेबरिन'. मॉम आठ वर्षं वेबरिन घराणं शोधतायत. एकही वेबरिन सापडत नव्हता.

आज युंगांच्या जर्मनीतल्या मूळ गावच्या चर्चच्या बाप्तिस्मा-वहीची पानं लॅपटॉपवर उघडली. लिपी कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी. बघितल्याबरोबर मला पुण्यातला मोडीचा वर्ग आठवला. मोडीत लेखणी उचलायची नाही, त्यामुळे शब्द कुठे संपला ते कळत नाही. इथे 'ए' आणि 'एन' जुळे भाऊ, आणि 'यू'च्या डोक्यावर छोटी कमान, का तर त्याला 'एन' समजू नये म्हणून. दोन्हीकडे युक्ती एकच, अक्षरं सोडायची आणि लिहिणाऱ्याचा हात ओळखायचा. अर्धा तास मी नुसता त्या पाद्रीबुवांचा हात वाचत बसले. मॉम शेजारी सफरचंद कापत होत्या, एक फोड स्वतःला, एक मला.

मग एका नोंदीत म्युलर नावाचा बाप दिसला, आणि दोन ओळी खाली त्याचीच बहीण मुलाला मांडीवर घेऊन धर्ममाता म्हणून उभी. तिचं आडनाव म्युलरिन. पुढच्या पानावर श्नायडर आणि श्नायडरिन.

मी ओरडलेच, "मॉम, अहो, तेली-तेलीण!"

त्यांना काय कळणार! मग समजावलं. आमच्याकडे सुताराची ती सुतारीण, तसं त्या काळी जर्मनीत बाईच्या आडनावाला 'इन' लागायचं. वेबर म्हणजे विणकर, आपला कोष्टी. ही कोष्टीण. घराणं वेबर. वेबरिन नावाचं घराणं शोधून सापडणार कसं?

मॉम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आठ वर्षं, दोन अक्षरांपायी."

त्यानंतर नोंद दहा मिनिटांत मिळाली. आई वेबरिन, बाप युंग, मुलगी, 1747. हिच्याआधी एक मुलगा, 1744. मुलगा पुढे लँकेस्टरच्या कागदांत मोठा झालेला दिसतो. मुलगी कुठेच नाही. निघताना दोन वर्षांची असेल. 1750 मध्ये याच वाटेने आलेल्या गॉटलीब मिटेलबर्गरने लिहून ठेवलंय, त्याच्या जहाजावर 32 मुलं गेली आणि समुद्रात टाकली. मी हे मॉमना सांगितलं नाही. लग्न होऊन नाव बदललं असेल तर नंतर सापडेलही.

त्यांनी वहीत मुलीचं नाव पेन्सिलने लिहिलं, पुढची जागा मोकळी ठेवली. फाइलवरचं 'इन' खोडरबराने पुसलं. पुढच्या रविवारी वेबर शोधायचे. आणि वेबर म्हणजे तिकडचे जाधव-पवार, गावोगाव.