असू दे, लागेल

दुपारी जेवून लॅपटॉप उघडला तर सी ड्राइव्हची पट्टी लाल. २५६ जीबीची म्हणून घेतलेली डिस्क मुळात दाखवते २३८. विकणारा हजाराने मोजतो, विंडोज एक हजार चोवीसने. मधल्यामध्ये अठरा गुल. आंबेवाला निदान डझनावर एखादा वर तरी घालतो.

रीसायकल बिन ओतला. तो ओतेपर्यंत टाकलेलंही जागा अडवूनच बसतं. टेम्पररी फाइल्स गेल्या. मग सापडलं विंडोज डॉट ओल्ड. मोठ्या अपडेटनंतर जुनं विंडोज साधारण १० दिवस सांभाळून ठेवतात, न जाणो परत जावंसं वाटलं तर! आमच्या आजीला हे पटलं असतं.

मेअखेरीस आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान भरायचं म्हणून माळा रिकामा करायचा बेत दरवर्षी ठरायचा. आम्हा पोरांना शिडीवरून वर चढवत. वर काळोख, घुशीने कुरतडलेली इरली, काच नसलेला कंदील, कान तुटलेलं तपेलं. एकेक वस्तू कडेला आणून दाखवायची. आजी खालून मान वर करून बघणार आणि म्हणणार, "असू दे, लागेल." तिन्हीसांजेपर्यंत सगळं जागच्या जागी, फक्त फडकं मारून.

जुन्या कौलांची चळत तर बाबांच्या डोळ्यांत खुपायची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, दापोलीकडे घरंच्या घरं उघडी पडली, पत्रे मिळेनात, तेव्हा माजघर शाकारलं ते त्याच कौलांनी. आजी तोवर नव्हती.

लॅपटॉपवरचं सगळ्यात जड फोल्डर त्याच वादळाचं निघालं. पंचनाम्यासाठी काढलेले फोटो. आडव्या पोफळी डावीकडून, उजवीकडून, बुंध्याशी काका उभे करून. तलाठी आले तेव्हा परत तेच. डुप्लिकेट शोधणारं अ‍ॅप लावलं, त्याला एकही जोडी सापडेना. मला तर सगळे एकच दिसतात. उभ्या वाडीचा फोटो मात्र एकुलता एक, तोही भाचीच्या फ्रॉकमागे धुरकट. उभ्या वाडीचा फोटो काढायचं कोणाला सुचणार?

हे फोटो आता कोणाला दाखवायचे नाहीत. बागांना भरपाई हेक्टरी ५० हजार जाहीर झाली होती. आमच्याकडे वाडी गुंठ्यांत असते. गुंठ्याला आले ५००. पोफळ लावली की धरायला पाच-सात वर्षं जातात, आणि तेव्हा लावलेल्यांतल्या कितीतरी अजून धरायच्या आहेत.