विहिरी खणणारा राजपुत्र

इंडोनेशियातल्या योग्यकर्त्यात शाळेच्या मुलांच्या टोप्यांवर एक चिन्ह दिसतं, त्यात शब्द असतात 'तुत वुरी हान्दायानी'. मागं राहून बळ द्यावं, असा त्याचा भाव. पूर्ण वचनात शिक्षकाच्या तीन जागा सांगितल्यात: पुढं असाल तर उदाहरण घालून द्या, मध्ये असाल तर उमेद जागवा, मागं असाल तर पाठबळ द्या. वचन शिक्षणतज्ज्ञ की हाजार देवान्तारा यांचं. त्यांचा जन्मदिवस, 2 मे, इंडोनेशियात राष्ट्रीय शिक्षण दिन असतो.

त्यांच्या शाळेचंच नाव मिरवणाऱ्या जालान तामानसिस्वावर त्यांचं घर आहे, आता संग्रहालय झालेलं. (त्याच रस्त्यावर शहरातला तुरुंगही आहे!) आत जुनं सामान, पत्रं, पुस्तकं. मूळ नाव सुवार्दी सूर्यानिंग्रात, राजघराण्यातला माणूस. 'मी डच असतो तर' असा खोचक लेख 1913 मध्ये लिहिला आणि डचांनी हद्दपार केलं, तेही थेट हॉलंडला. तिथं मॉन्टेसोरीचे विचार वाचले आणि परतल्यावर 3 जुलै 1922 ला तामान सिस्वा सुरू केली. डच शाळांतली हुकूम, शिक्षा आणि शिस्तीची चाकोरी त्यांना नको होती. 1927 मध्ये रवींद्रनाथ जावात आले तेव्हा ही शाळा बघून गेले.

हे सगळं छानच आहे. पण सरकारी चिन्हावर गेलेल्या वचनाचं जे होतं ते इथंही झालंय. आपल्याकडच्या मूल्यशिक्षणाच्या तासासारखं, सगळ्यांना पाठ असतं.

मला जास्त ओढ लागली ती त्यांच्या मित्राची. शाळा निघण्याआधी काही मंडळी मंगळवारी जमून चर्चा करायची. कुठल्याही मंगळवारी नाही, 'सलासा क्लिवोन'ला. जावाचा पाच दिवसांचा बाजाराचा आठवडा आणि आपला सात दिवसांचा, यांचा हा मेळ 35 दिवसांनी येतो. असं सांगतात की तिथं कामाची वाटणी झाली: मुलं देवान्तारांकडे, मोठी माणसं की आगेंग सूर्योमेन्ताराम यांच्याकडे.

हे सूर्योमेन्ताराम (1892–1962) म्हणजे सुलतान सातव्या हामेंगकुबुवोनोचे चिरंजीव. राजवाड्यात जीव रमेना म्हणून ते निघून गेले आणि बाटिक विकत फिरू लागले. शोधायला आलेल्या माणसांना क्रोया गावात सापडले ते विहीर खणताना. पुढं सालातिगाजवळ शेती केली, साध्या कपड्यांत राहिले, आणि गावोगावच्या लोकांशी बोलून सुखाचा एक विचार मांडला, 'कावरुह जिवा', म्हणजे जिवाचं ज्ञान.

तो मला समजला एका आंगक्रिंगानवर, म्हणजे हातगाडीशेजारी अंथरलेल्या चटईवर. समोर आल्याचा गरम वेडांग जाहे, पानात बांधलेला मूठभर भात, आणि शेजारी एक निवृत्त शिक्षक. मी त्यांना 'पाक' (काका) म्हणत होते, ते मला 'म्बाक' (ताई).

"सायकल होती तेव्हा मोटरसायकल हवी होती," ते म्हणाले. "ती आली. आता कार हवी. मिळाली तर दुसरी कुठली तरी हवीशी वाटेल. नाहीच मिळाली, तर थोडे दिवस कुढीन, मग नवा टायर टाकून खूश होईन."

इच्छा मिळालं की फुगते, नाही मिळालं की आकसते. म्हणून सुखही टिकत नाही आणि दुःखही, राजाचं असो की हमालाचं. मग हेवा कुणाचा करायचा आणि धास्ती कशाची घ्यायची? 'आत्ता, इथं, असंच, मी राजी आहे' असं स्वतःला म्हणायचा सराव सूर्योमेन्ताराम करायला सांगत. उपदेश म्हणून नव्हे, तर स्वतःच्या मनात काय उठतंय ते बघायला. आज मानसशास्त्राचे विद्यार्थी त्यांच्यावर प्रबंध लिहितात.

मी विचारलं, "पण पाक, राजी राजी म्हणत माणूस हातपायच हलवणार नाही ना? राज्यकर्त्यांना तर हे सोयीचंच."

"जपान्यांच्या काळात, 1943 ला, जावाच्या लोकांचं स्वतःचं सैन्य हवं म्हणून खटपट करणाऱ्यांत तेही होते," ते म्हणाले. "तेच सैन्य पेता."

मुद्दा बिनतोड होता. तरी रोजंदारीवर राबणाऱ्याला 'असंच, इथंच' म्हणायला सांगणं मला जड जातं, आणि ते मी बोलूनही दाखवलं.

"मग आमच्या गटात येऊन हेच बोला," पाक म्हणाले. "पुढच्या महिन्यात बसतोय."

माझं विमान त्याआधीचं होतं.