आत्या आणि काकू यांत गोंधळ का होतो

‘आईच्या भावाला मामा म्हणतात’ हे वाक्य मूल दोन मिनिटांत पाठ करतं आणि चतुर्थीला घर चाकरमान्यांनी भरलं की दिसेल त्याला काका म्हणून मोकळं होतं. व्याख्या पाठ होते, नातं होत नाही. ‘मामा घरी आला’ हेही कुचकामी; तिथे काका घातला तरी चालतो. वाक्य असं हवं की दुसरा शब्द बसूच नये. ‘भाऊबीजेला आईने मामाला ओवाळलं.’ ‘गौरीसाठी आत्या माहेरी आली, बाबा तिला आणायला एसटी स्टँडवर गेले.’ आपल्या घरी माहेरपणाला येते ती आत्या; काकूचं माहेर दुसरीकडे. नात्याचा शब्द झाकून मुलाला ओळखायला सांगा. दोन उत्तरं निघाली तर चूक वाक्याची, मुलाची नाही.

दिवसाला तीन शब्द पुरे. प्रत्येकाची दोन वाक्यं करावीत, एकात शब्द जसाच्या तसा, दुसऱ्यात प्रत्यय लावून. खरी ठेच इथेच लागते. यादीवरून शिकलेली मुलं ‘भाऊने’, ‘बहीणला’, ‘जाऊचा’ म्हणतात. भावाने, बहिणीला (हि ऱ्हस्व), सुनेला, जावेचा ही रूपं वाक्यातूनच कानात बसतात. मामा, काका, आजी, आत्या प्रत्यय लागला तरी बदलत नाहीत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. ‘आजोबा आला’ मात्र पहिल्याच दिवशी सुधारावं.

भाचा-पुतण्याचा घोळ वेगळा. नातं कुणाकडून मोजायचं हेच मुलाला कळलेलं नसतं. खळ्यात, म्हणजे अंगणात, खडूने तीन पिढ्यांच्या तीन रेघा ओढा. पुरुषांना काजूची बी, बायकांना शिंपला. मुलाची स्वतःची खूण रंगवलेली असू द्या. मग एकच मुलगा दोघांच्या तोंडी घाला: ‘काकाने पुतण्याला होडीत घेतलं. आत्या ओरडली, अरे, माझ्या भाच्याला पोहता येत नाही!’ बोट काकाच्या बीवरून आत्याच्या शिंपल्यावर सरकलं की शब्द बदलतो.

जाऊ आणि साडू ही दोन लग्नं ओलांडून जाणारी नाती. ती तिसरी-चौथीपर्यंत राहू द्यावीत. मग ‘आई आणि काकू जावा-जावा; दोघींनी मिळून एकवीस मोदक वळले’ एवढं पुरतं.

हाक मारायची नावं वेगळी शिकवावी लागतात. कित्येक घरांत आजोबांना भाऊ आणि आजीला वहिनी म्हणतात. तिथे ‘आम्ही ज्यांना भाऊ म्हणतो ते माझे आजोबा’ हे वाक्य आधी, बाकी सगळं नंतर.

मालवणी घरात झील (मुलगा), चेडू (मुलगी), आवस (आई), बापूस (बाप) हे शब्द गाळू नयेत. ‘आवशीक हाक मार’ आणि ‘आईला हाक मार’ अशी जोडी करून द्यावी. घोव म्हणजे नवरा, हेही सांगावं. फक्त ‘आवशीचो घोव’ म्हणजे बाबा, असा हिशेब मुलाने पाहुण्यांसमोर मांडण्याआधी ती शिवी आहे, हेही कानात सांगून ठेवावं.