बोंडअळीच्या वर्षी भरवसा

आमच्या भागातील ख्रिस्ती मंडळीत आध्यात्मिक युद्धाविषयी, म्हणजे सैतानाशी चालणाऱ्या लढाईविषयी, बोलणे पुष्कळ होते, परंतु ते युद्ध नेमके कोठे चालले आहे याविषयी मात्र बराच गोंधळ आढळतो. कपाशीवर अळी पडली, बैल आजारी पडला किंवा शेजाऱ्याने धुरा (शेताचा बांध) कोरला, की लगेच सैतानाला धमकावणाऱ्या प्रार्थना सुरू होतात. बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात प्रेषित पौल स्पष्ट लिहितो की आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही. तेव्हा धुरा कोरणारा शेजारी हा आपला वैरी नव्हे, आणि बोंडअळी तर मुळीच नव्हे.

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीची बोंडे आतून पोखरली आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. त्या अळीला आवरायचे तर कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे) लावावे लागतात आणि फरदडीचा, म्हणजे तेच पीक पुढे राखून आणखी कापूस घेण्याचा, मोह सोडून हंगाम संपताच पऱ्हाट्या (कपाशीची झाडे) उपटाव्या लागतात. हे सर्व टाळून ‘देव पाहून घेईल’ म्हणणाऱ्याला मी विश्वासू म्हणणार नाही. मत्तय ४ मध्ये सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे करून चक्क ९१ व्या स्तोत्राचा आधार देत उडी टाकायला सांगतो, आणि प्रभू उत्तर देतो की परमेश्वराची परीक्षा पाहू नये. वचनाच्या आधाराने केलेली बेफिकिरी हाही मोहच आहे.

खरी लढाई त्यानंतर, कापूस घरात आल्यावर सुरू होते. भाव वाढेल या आशेने समोरच्या खोलीत गंजी लावलेली असते, लेकरांच्या अंगाला त्या कापसाची खाज सुटलेली असते, कर्जाचा हप्ता थकलेला असतो, आणि रात्री मन म्हणू लागते की तुझे ऐकणारा कोणी नाही, आता जगण्यात काही अर्थ उरला नाही. या विचाराने आपल्याकडे किती घरे उघडी पाडली, हे निराळे सांगावयास नको. अशा वेळी ओरडून केलेली प्रार्थना फार काळ पुरत नाही. (आवाज चढला म्हणजे पवित्र आत्म्याचा अभिषेक वाढला, असे मानणाऱ्यांशी माझे जमत नाही, हे येथेच सांगून टाकतो.)

२ इतिहास २० मध्ये मवाबी आणि अम्मोनी हे शेजारचे शत्रू चालून येत असल्याचे कळताच यहूदाचा यहोशाफाट राजा घाबरला, ही गोष्ट शास्त्र लपवीत नाही. त्याने सर्व यहूदात उपास जाहीर केला आणि बायकामुलांसह जमलेल्या लोकांदेखत देवाला सांगितले की आमच्यात बळ नाही, काय करावे ते आम्हांला सुचत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत. आमच्या मंडळीतील एक आजी घरच्या प्रार्थनासभेत कापसाच्या गंजीला टेकून, “प्रभू, मले काई सुचत नाही, आता तूच पाय,” एवढेच म्हणतात आणि डोळ्यांना पदर लावतात. राजाच्या प्रार्थनेचे सारही याहून वेगळे नव्हते.

युद्ध तुमचे नव्हे, देवाचे आहे, असे देवाकडून उत्तर मिळूनही यहोशाफाटाच्या लोकांना घरी बसण्याची मुभा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, गाणाऱ्यांना सैन्यापुढे ठेवून, त्यांना तकोवाच्या रानाकडे निघावेच लागले. आपल्यालाही प्रार्थनेनंतर बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज भरावा लागतो आणि साहेबांसमोर ताटकळावे लागते.

हे एकट्याने निभत नाही. निर्गम १७ मध्ये रफीदीम येथे अमालेकी लोकांशी लढाई चालली असता, इस्राएलाच्या विजयासाठी हात वर धरून उभ्या असलेल्या मोशेचेसुद्धा हात जड झाले. तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला बसायला धोंडा दिला आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात दोन्ही बाजूंनी धरून ठेवले. म्हणून रविवारी उपासनेला दिसेनासा झालेल्या भावाच्या घरी दोघांनी मिळून जावे, पण वचने म्हणून दाखवण्याची घाई करू नये. आधी कापूस विकला का, सावकाराचे किती उरले, हे विचारावे, तो सांगेल तितके ऐकून घ्यावे, आणि मग त्याची हरकत नसेल तर त्याच्याजवळ बसून प्रार्थना करावी.