दोन डॅक, एक स्विच: तिसरा आठवडा

मागच्या नोंदीत छातीठोकपणे लिहिलं होतं, की मोठ्या डॅकवर (डिजिटल गाण्याचा ऐकण्याजोगा सिग्नल करणारी पेटी) तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणकार, खुलते आणि डोंगल, म्हणजे छोटा डॅक, कोरडा वाटतो. ते मागे घेतोय. निदान अर्धं तरी.

पहिला घोळ आवाजाच्या पातळीचा होता. 100 हर्ट्झचा साइन टोन लावून मल्टिमीटर धरला (स्वस्तातल्या मीटरवर 1 किलोहर्ट्झला भरवसा नको). मोठा 2.08 व्होल्ट, डोंगल 1.98. म्हणजे जेमतेम 0.43 डेसिबल. एवढा फरक 'मोठा आवाज' म्हणून जाणवत नाही, तो 'भरीव' आणि 'मोकळा' म्हणून जाणवतो. माझं विशेषणांचं दुकान तिथेच उघडलं होतं! प्लेअरमध्ये मोठ्याला 0.4 डेसिबल खाली आणलं, आता 1.99.

मग एबीएक्स चाचणी: ए आणि बी हे दोन डॅक, वाजतोय तो एक्स त्यांतला कुठला, हे न बघता ओळखायचं. मुलगी नाणं उडवून एक्स ठरवते, मी पाठ फिरवून बसतो. 16 पैकी 12 बरोबर आले तरच फरक मानायचा, हे आधीच कागदावर लिहून ठेवलेलं, कारण निव्वळ नशिबाने तेवढे येण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी. पहिल्याच फेरीत 14! त्या रात्री मी पेढे आणायचाच बाकी होतो.

दुसऱ्या दिवशी मुलीनेच पकडलं. "बाबा, बदलताना ठेका अडखळतो तेव्हाच तुम्ही बरोबर सांगता." खरंच. एक डॅक काही मिलिसेकंद मागे वाजत होता. मी जवारी नाही, ती अडखळ ओळखत होतो. आता आवाज बंद, मग स्विच, मग तुकडा पहिल्यापासून. निकाल: 16 पैकी 9.

मधल्या दोन-तीन सेकंदांत कानाची आठवण विरते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण मेयर आणि मोरान यांच्या 2007 च्या चाचणीत हाय-रेझोल्यूशन (सीडीहून वरच्या दर्जाचा) आवाज वाटेत 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झमधून, म्हणजे सीडीच्या दर्जातून, फिरवला, तरी 554 पैकी 276 उत्तरंच बरोबर आली होती. माझे 9 त्याच गल्लीतले.

उरलेलं अर्धं मात्र सोडत नाही. हे सगळं एकाच हेडफोन अँपमधून ऐकलं. माझे बहु-ड्रायव्हर (एका कानात अनेक छोटे स्पीकर असलेले) इअरफोन थेट डोंगलला लावले, की डोंगलचा आउटपुट इम्पिडन्स (त्याचा आतला विद्युत अडथळा) आड येऊन आवाजाचा तोल खरोखर ढळू शकतो. 33 ओहमचा रेझिस्टर आणलाय, तो डोंगलला भार म्हणून लावून रविवारी इम्पिडन्स मोजतो. मुलीने मानधन वाढवून मागितलंय.